सरपणासाठी चेनसॉ घेताय? आधी काट्यावर ठेवा

आमच्या मळ्यात कांद्याच्या गोण्या मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी मी त्यावर गोणीऐवजी माझा चेनसॉ ठेवला. पेट्रोल भरलेलं, चेनचं तेल भरलेलं, २२ इंची बार, म्हणजे चेन जिच्यावरून फिरते ती लांब पट्टी, लावलेला. आकडा आला ७ किलो ६०० ग्रॅम. मग शेजारच्या तात्यांचा आणून ठेवला. तोही तसाच भरलेला, पण १४ इंची. ५ किलो १००.

तात्यांचं वय अडुसष्ट. सकाळी चहा घेऊन बाभळीच्या फांद्यांना लागतात आणि बाराला जेवायला बसतात तेव्हा अर्धी ट्रॉली सरपण रचलेलं असतं. मी त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, आणि माझं मशीन तीन वर्षांत जेवढं चाललं त्याहून जास्त पडवीत खुंटीला टांगून राहिलं. अर्धा तास चालवलं की कंबर धरायची, डावं मनगट भरून यायचं, आणि मग "उद्या बघू". घेताना मी एकच आकडा बघितला होता, ५८ सीसी. दुकानदार म्हणाला, "दादा, एकदाच घ्या, मोठं घ्या." मोटर घेताना आपण असंच करतो ना, तीनची लागत असेल तर पाचची घेऊन ठेवतो. पण मोटर विहिरीवर बसते. चेनसॉ हातात धरावा लागतो.

हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांना घरचं सरपण कापायचंय, बांधावरची झाडं आवरायचीत, वादळात पडलेली फांदी रस्त्यातून काढायचीय. लाकूडतोडीचा धंदा करणाऱ्यांनी माझं ऐकू नये. त्यांचा हिशेब वेगळा.

आधी ढीग मोजा

दुकानात जायच्या आधी आपल्याच सरपणाच्या ढिगाशी जा आणि ओंडक्यांच्या तोंडाला हाताची वीत लावा. मोठ्या माणसाची वीत साधारण नऊ इंच भरते. वीतभर किती, दीड वीत किती, दोन वितींच्या वर किती, एवढंच मोजायचं.

मी मोजलं तेव्हा लाज वाटली. दहातले आठ ओंडके वितीच्या आतले होते. आपल्याकडे सरपण म्हणजे असतं तरी काय? बांधावरची बाभूळ, सुबाभूळ, वठलेला निंब, शेवग्याची मोडलेली फांदी, ग्लिरिसिडिया. आमच्या नाशिककडे दिंडोरी, निफाड, पिंपळगावला जुनी द्राक्षबाग काढली की वेलींची खोडं येतात, ती मनगटाएवढी, फार तर मांडीएवढी. हेच बंबात जातं, चुलीत जातं, हुरड्याच्या आगटीला लागतं. निफाडला थंडीचा कडाका पडला की पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, तिथेही हेच. यातल्या कशालाच २२ इंची बार लागत नाही.

१२ इंची बार दहा इंचापर्यंत सुखाने कापतो, १४ इंची बारा इंचापर्यंत. नेहमीच्या जाडीपेक्षा दोन इंच जास्त एवढा बार पुरतो. त्याहून जाड ओंडका कधीमधी आलाच तर दोन्ही बाजूंनी कापता येतो. आणि पाच वर्षांतून एकदा चार वितींची चिंच आडवी झाली, तर गावात मोठी मशीन घेऊन फिरणारे लाकूडतोडे असतात. त्यांना एक दिवसाची मजुरी द्या. त्या एका चिंचेसाठी पाच वर्षं जड मशीन उचलण्यात काय अर्थ आहे?

लांब बारचा तोटा नुसत्या वजनाचा नाही. त्याचं टोक आपल्या नजरेपासून दूर जातं. खाली जमिनीला टेकतं, मागच्या ओंडक्याला लागतं. चेन लांब, म्हणजे घासायला दात जास्त. आणि छोट्या इंजिनावर लांब बार चढवला की ते रडत कापतं.

वजन: कॅटलॉगमधलं आणि हातातलं

कॅटलॉगमध्ये छापलेलं वजन बहुतेक वेळा नुसत्या इंजिनाचं असतं. बार नाही, चेन नाही, पेट्रोल नाही, तेल नाही. स्टिलच्या एमएस १७० चं छापील वजन ४.१ किलो आहे, इंजिन ३०.१ सीसी. हस्क्वार्नाच्या १२० मार्क २ चं ४.८५ किलो, इंजिन ३८.२ सीसी. त्यात बार, चेन आणि दोन्ही टाक्या भरल्यावर किलोभर वाढतोच. म्हणजे ज्याला आपण हलकं म्हणतो ते भरल्यावर पाच-सहा किलोचं होतं, आणि बाजारातलं स्वस्त "५८ सीसी" सात किलोच्या पुढे जातं. दोन किलोचा फरक ऐकायला काहीच नाही. पण दोन किलो साखरेची पिशवी हात पुढे करून तासभर धरा, मग बोलू.

दुकानात बार-चेन लावलेलं मशीन मागा. बंद मशीन पुढच्या दांडीला एका हाताने उचला. ते साधारण आडवं राहिलं पाहिजे, बारचं टोक किंचित खाली झुकलं तर चालेल. टोक धाडकन खाली गेलं तर बार त्या इंजिनाला जड आहे, आणि तो भार दिवसभर तुमचं मनगट सोसणार. मग दोन्ही हातांनी धरून, कमरेत थोडं वाकून, गुडघ्याच्या उंचीवर दोन मिनिटं उभे राहा. दुकानदार हसेल. हसू द्या. माझ्या वेळी मी लाजलो आणि पैसे मोजून बाहेर आलो.

दांडी धरून मशीन थोडं हलवून बघा. दांडी आणि इंजिन यांच्यात रबर किंवा स्प्रिंग असते, त्यामुळे किंचित लवचीक हालचाल जाणवली पाहिजे. सगळं एकजीव घट्ट लागलं तर कंपनं थेट हातात येणार. संध्याकाळी पेला धरताना बोटं बधिर वाटत असतील तर ते यामुळेच.

एक सावधगिरी. हलकं शोधता शोधता तुम्हाला एक सुबक, छोटं मशीन दिसेल, ज्याची मागची दांडी इंजिनाच्या वर बसवलेली असते. वजनाला फार छान. ते घेऊ नका. ते झाडावर दोर बांधून चढणाऱ्या शिकलेल्या माणसांसाठी असतं. दोन्ही हात जवळजवळ येत असल्याने ते उसळलं तर आवरत नाही, आणि जमिनीवर काम करताना एका हाताने चालवायचा मोह होतो. आपल्याला मागे दांडी असलेलंच हवं.

सीसी किती?

३० ते ४०. यावर मला फार लिहायचं नाही. १४ इंची बार आणि चांगली धार असेल तर तीस सीसीचं मशीन वीतभर बाभूळ कुरकुर न करता कापतं. वाळलेली बाभूळ, चिंच असं चिवट लाकूड रोजचंच असेल तर चाळिशीच्या जवळचं घ्या. स्वस्त मशीनच्या स्टिकरवरचा सीसीचा आकडा आतल्या सिलिंडरशी नेहमी जुळतोच असं नाही, त्यामुळे फक्त त्याच्यावर तर मुळीच जाऊ नका.

स्वस्त मशीनची एक बाजूही सांगितली पाहिजे. त्यांचे सुटे भाग कुठेही मिळतात आणि फवारणीचे पंप दुरुस्त करणारा गावातला मेकॅनिक ते डोळे झाकून खोलतो. नावाजलेल्या कंपनीचं मशीन दुप्पट-तिपटीने महाग पडतं. ते घ्यायचं तर कार्बोरेटरचं किट, स्टार्टरची दोरी, चेन आणि एअर फिल्टर नाशिकमध्ये तयार मिळतात का हे पैसे देण्याआधी विचारा. "मागवून देतो" हे उत्तर आलं तर किती दिवसांत, तेही विचारा.

पेट्रोल, बॅटरी की वायर

घराजवळच्या कामाला वायरवालं मशीन स्वस्त आणि हलकं असतं. पण दोन हजार वॉटचं मशीन २३० व्होल्टवर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतं. घरातल्या टीव्हीच्या एक्स्टेन्शनवर ते लावाल तर वायर तापेल. अडीच स्क्वेअर मिलिमीटरची वायर आणि १६ अँपिअरची पिन पाहिजे. मळ्यात व्होल्टेज १८० वर आलं की मोटर तापते, आणि थ्री फेज दिवसा कधी आणि रात्री कधी हे आपल्याला ठाऊकच आहे. बंगल्याच्या आवारात काम असेल तरच याचा विचार करा.

बॅटरीचं मशीन मला मनापासून आवडतं. दोरी ओढायची नाही, धूर नाही, बटण सोडलं की गप्प. मकिताच्या डीयूसी ३५३ सारखी १८ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकदम लावायची १४ इंची मशीन सरपणाला कमी पडत नाहीत. पण हिशेब समजून घ्या. ३६ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर-तास म्हणजे १८० वॉट-तास. एक किलोवॉटच्या भाराने सलग कापत राहिलं तर अकरा मिनिटांत बॅटरी संपली. आपण सलग कापत नाही. ओंडका उचलतो, ठेवतो, घाम पुसतो, म्हणून ती अर्धा-पाऊण तास जाते. छोट्या पेट्रोल मशीनची पाव लिटरची टाकीही साधारण तेवढीच चालते, फरक एवढा की ती भरायला एक मिनिट लागतं. नाशिकच्या गंगापूर रोडला किंवा गिरणाऱ्याकडे फार्महाऊस आहे, महिन्यातून दोनदा येणं होतं, बागेतल्या फांद्या आणि शेकोटीपुरतं लाकूड, अशांनी बॅटरीच घ्यावी. महिनाभर पडून राहिलं तरी बटण दाबलं की चालू. आठवड्याला ट्रॉली भरायची असेल तर पेट्रोल.

ऑनलाइन मिळणाऱ्या हातभर "मिनी चेनसॉ"चा प्रश्न मला सगळे विचारतात. त्यावर ४८ व्होल्ट, ८८ व्होल्ट असं काहीही छापलेलं असतं. बॅटरी खोलली तर आत बहुधा पाच सेल एका रांगेत निघतात. पाच गुणिले ३.६ म्हणजे १८ व्होल्ट, पूर्ण चार्ज झाल्यावर २१. बाकी सगळी शाई. डाळिंबाच्या, लिंबाच्या मनगटाएवढ्या फांद्यांना ते खेळणं बरं आहे. पण बऱ्याच मशीनना चेन ब्रेक, म्हणजे चेन झटकन थांबवणारा ब्रेक, नसतो आणि तेल आपोआप येत नाही, आणि एका हाताने चालवताना दुसरा हात फांदी धरायला जातो. तो हात कुठे आहे याकडे लक्ष ठेवा.

चेनवरचे तीन आकडे

चेनसॉ घेताना लोक इंजिन बघतात. लाकूड मात्र चेन कापते. तीन आकडे वहीत लिहून ठेवा, नाहीतर दुसरी चेन आणायला गेल्यावर फेरी पडेल.

पहिला पिच, म्हणजे चेनच्या लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधल्या अंतराचा अर्धा, इंचात. छोट्या मशीनला बहुतेक ३/८ लो प्रोफाइल चेन असते, मोठ्या स्वस्त मशीनना ०.३२५. दुसरा गेज, म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या खालच्या कडीची जाडी. तिसरा त्या खालच्या कड्यांची संख्या, तिला ड्राइव्ह लिंक म्हणतात. आणि गंमत अशी की बार दोन्हीकडे १४ इंचीच, पण एका कंपनीच्या मशीनला ५० लिंकची चेन बसते आणि दुसऱ्या कंपनीच्या मशीनला ५२ लिंकची. गेजही वेगळा. "चौदाची चेन द्या" म्हणून आणलेली चेन म्हणूनच बसत नाही. मी अशी एक चेन सिन्नरहून आणली होती. अजून खिळ्याला लटकतेय.

नव्या माणसाने कमी उसळणारी चेन मागावी. तिच्या दातांपुढे जास्तीची एक उतरती कडी असते, ती टोकाला दाताला एकदम खोल घुसू देत नाही. कापणं किंचित संथ होतं. चालेल.

मशीनबरोबरच एक जास्तीची चेन आणि धार लावायला त्या पिचची गोल कानस घ्या. ३/८ लो प्रोफाइलला ४ मिलिमीटरची, ०.३२५ ला ४.८ ची.

धार

दोन-तीन टाक्यांनी एकदा धार लावावी लागते, दगडमाती लागली तर लगेच. धार गेली हे मशीन स्वतःच सांगतं, त्याचा भुसा बघा. धारदार चेनखालून किसलेल्या खोबऱ्यासारख्या कीस-कीस छिलपी पडतात. चेन बोथटली की पीठ पडतं, बारीक, तपकिरी, आणि त्याला करपल्याचा वास येतो. पीठ दिसलं की थांबा. दाबून कापायला गेलात की बार तापतो, इंजिन तापतं, आणि तुम्हीही.

बार ओंडक्यात किंवा शिकंज्यात घट्ट धरा. तात्या एका जुन्या निंबाच्या बुंध्यात कुऱ्हाडीने खाच पाडून त्यात बार ठोकून बसवतात. चेन ब्रेक लावा म्हणजे चेन हलणार नाही. सगळ्यात खराब दात शोधा, त्याच्यापासून सुरुवात करा. कानस दाताच्या आतल्या गोलाईत टेकवायची, आडवी सपाट, बारला काटकोनात धरून तिथून ३० अंश तिरकी. बऱ्याच दातांच्या डोक्यावर ही तिरकी रेघ कोरलेलीच असते, तिला समांतर राहिलात की झालं. घासायचं फक्त पुढे ढकलताना. मागे आणताना कानस उचलून घ्यायची. करवतीसारखी मागेपुढे ओढली की कानस दोन दिवसांत गुळगुळीत होते. कुर्र, उचल, कुर्र, उचल. तीन हात. दाताच्या कडेला चकाकणारी पांढरी रेघ दिसत असेल तर तो अजून बोथट आहे, कारण धारेवर उजेड थांबत नाही. रेघ गेली की पुढचा, म्हणजे एक सोडून एक. एका बाजूचे सगळे दात झाले की दुसऱ्या बाजूला उभे राहून उरलेले. प्रत्येक दाताला हात तेवढेच. एका बाजूचे दात जास्त घासले गेले तर मशीन सरळ कापायचं सोडून चंद्रकोर काढायला लागतं. सुरुवातीला माझे सगळे ओंडके तिरपे निघायचे आणि मी बारला दोष द्यायचो.

दाताच्या पुढे जो छोटा उंचवटा असतो तो दात किती खोल जाणार हे ठरवतो. दात घासून घासून बसला की उंचवटा वर राहतो आणि धार असूनही चेन नुसती घसरते. चार-पाच वेळा धार लावल्यावर सपाट कानसीने तोही थोडा उतरवा. दात आणि उंचवटा यांच्यात ०.६५ मिलिमीटरचा फरक हवा, त्याची पट्टी मिळते. अंदाजाने जास्त घासलात तर मशीन दणके मारायला लागतं, आणि घासलेलं परत येत नाही.

द्राक्षबागेच्या खोडांबद्दल वेगळं सांगितलं पाहिजे. जुन्या वेलीच्या सालीत मांडवाची तार गुरफटून आत गेलेली असते. बांधावरच्या बाभळीत कुंपणाचे खिळे आणि काटेरी तार. एका तारेला चेन लागली की ठिणगी उडते आणि पाच-सात दात एका क्षणात जातात. खोड आधी हाताने चाचपा, कुऱ्हाडीच्या तुंब्याने ठोका, सालीवर गाठ किंवा काळसर डाग दिसला तर तो तुकडा बाजूला टाका. बुंध्याच्या मुळाकडची काळी माती वाळली की दगडासारखी होते, ती लोखंडी ब्रशने झाडून मगच कापा.

पहिल्या दिवशी

पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल मिसळावं लागतं हे सगळ्यांना माहीत असतं, प्रमाण मात्र माहीत नसतं. मशीनच्या पुस्तकात ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. औषध फवारणीचं मापपात्र यासाठी वापरू नका, नवं वीस रुपयांचं आणा. मोटरसायकलच्या इंजिनातलं तेल चालत नाही. कमी तेलात पिस्टन चिकटतो, आणि चिकटलेला पिस्टन म्हणजे जवळजवळ नवं मशीन. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं आणि कार्बोरेटरच्या पडद्याला त्रास देतं. म्हणून मिश्रण लिटरभरच करा, महिन्याच्या आत संपवा, आणि ओतण्याआधी कॅन हलवा.

दुसरी टाकी चेनच्या तेलाची. गॅरेजमधलं जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून लोक तेच ओततात. त्यात धातूचा कीस असतो, तो पंप आणि बार दोन्ही खातो, आणि भुशात मिसळून तुमच्या मातीत जातो. चेन ऑइल आणा. तेल येतंय का हे बघायला मशीन चालू करून बारचं टोक पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर वीतभर अंतरावर धरा. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे.

चेनचा ताण गार असतानाच बघायचा. बारच्या मधोमध चेन चिमटीत धरून ओढा, सोडल्यावर टपकन परत बसली पाहिजे, आणि हाताने चेन पुढे सरकलीही पाहिजे. नवी चेन पहिल्या तासाभरात सैल होते, तेव्हा दोन-तीनदा ताणा. काम संपल्यावर थोडी ढिली करा. गरम असताना ताणलेली चेन गार झाल्यावर आखडते आणि बारला, शाफ्टला ओढ बसते.

चालू करताना मशीन जमिनीवर, चेन ब्रेक लावलेला, उजवा पाय मागच्या दांडीत, डावा हात पुढच्या दांडीवर, उजव्या हाताने दोरी. हवेत झोका देऊन दोरी ओढणारे पहिलवान मी पाहिलेत. त्यातल्या एकाच्या मांडीवर अकरा टाके आहेत.

ब्रेकची परीक्षा रोज. पूर्ण वेगात असताना डाव्या मनगटाने पुढची ढाल ढकला. चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. थांबली नाही तर त्या दिवशी कुऱ्हाड घ्या.

कापताना

बारच्या टोकाचा वरचा कोपरा कशालाही टेकला की मशीन वर उसळून तुमच्या तोंडाकडे येतं. चेन सेकंदाला वीसएक मीटर वेगाने धावत असते, विचार करायला वेळ मिळत नाही. माझ्या बाबतीत ढिगातला ओंडका कापताना टोक मागच्या ओंडक्याला लागलं. मला फक्त ब्रेकचा खटकन आवाज आठवतो, आणि बार माझ्या टोपीच्या उंचीवर थांबलेला. त्यानंतर मी ढिगात कधी कापलं नाही. एक ओंडका काढायचा, घोडीवर ठेवायचा, कापायचा. घोडी घरीच करा, दोन एक्सच्या आकाराच्या पायांची, कमरेपेक्षा थोडी खाली.

डावा अंगठा दांडीखालून वळवून पक्का धरा. डोकं बारच्या रेषेत नको, थोडं डावीकडे. खांद्याच्या वर मशीन न्यायचं नाही, शिडीवर तर नाहीच. उंच फांदीला लांब दांड्याची करवत आहे.

बार लाकडात अडकतो कारण लाकूड कुठे दाबलंय आणि कुठे ताणलंय हे बघितलेलं नसतं. ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला आणि मध्ये अधांतरी असेल तर तो वरून दाबलेला असतो: वरून एक तृतीयांश कापा, मग खालून येऊन पूर्ण करा. एकच टोक टेकलेलं आणि दुसरं हवेत असेल तर उलट: आधी खालून एक तृतीयांश, मग वरून. अडकलाच तर ओढाओढ नको. मशीन बंद करा आणि खाचेत लाकडी पाचर मारा. खिशात दोन पाचरी असू द्या. लोखंडी पाचर चेनला लागली की धारेचा धडा पुन्हा पहिल्यापासून.

लुंगी, धोतर, गळ्यात गमछा, पायात चप्पल, यातलं काही नको. बूट, घट्ट पँट, जाळीचा चष्मा किंवा व्हायझर, आणि कानाला मफ, कारण आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. मांडीवर बांधायची खास चॅप्स मिळतात. चेन लागली की आतले धागे बाहेर येऊन चेन जाम करतात. नाशिकच्या दुकानात नसतील तर मागवून घ्या. मशीन पाचशे-हजाराने स्वस्त घेतलं तरी चालेल, चॅप्स मात्र घ्या.

झाड तुमचं, तरी

वाळलेल्या फांद्या आणि पडलेलं सरपण वेगळं, उभं झाड वेगळं. महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम १९६४ च्या यादीत साग, आंबा, चिंच, मोह, खैर, जांभूळ, फणस, चंदन अशी झाडं आहेत. ती आपल्या सातबाऱ्यावर असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. महापालिका हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा आहे आणि परवानगी वृक्ष प्राधिकरणाची लागते, मग झाड बंगल्याच्या आवारातलं का असेना. गावात आधी तलाठ्याला किंवा वनविभागाच्या कार्यालयात विचारा.

पावसाळ्यापूर्वी

मे संपता संपता सरपण झाकलं की मशीनचंही बघायचं. टाकीतलं पेट्रोल काढून घ्या, मग मशीन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. एअर फिल्टर धुऊन वाळवा. बार काढून खाचेतला चिकटलेला भुसा खिळ्याने खरवडा, तेलाचं भोक मोकळं करा, आणि बार उलटा बसवा म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील. चेन तेलात बुडवून डब्यात. दिवाळीनंतर काढाल तेव्हा ताजं मिश्रण, दोन-तीन ओढ्यांत चालू.

माझं ५८ सीसीचं मशीन मी शेवटी विटांच्या भट्टीवर काम करणाऱ्या एका ओळखीच्या मामांना दिलं. त्यांना जाड लाकूड कापायचं असतं आणि त्यांचे दंडही तसे आहेत. आता खुंटीला १४ इंची आहे. खुंटीला म्हणजे रात्रीपुरतं.